अंगावर पिणाऱ्या बाळाच्या झोपेसाठी घेतलेले मार्गदर्शन : चार आठवड्यांच्या सेवेचे परीक्षण

आमची मुलगी पावणेपाच महिन्यांची असताना आम्ही बाळाच्या झोपेविषयी मार्गदर्शन करणारी एक ऑनलाइन सेवा चार आठवड्यांसाठी घेतली. त्या वेळी तिला केवळ अंगावर पिता पिताच झोप लागत असे, दिवसा निजवले की अर्ध्या तासात ती जागी होई आणि रात्री सहा ते सात वेळा उठे. सलग दोन तासांहून अधिक झोप मला जवळजवळ महिनाभर मिळालेली नव्हती. सेवेत एक सविस्तर प्रश्नावली, तीन व्हिडिओ भेटी, रोज भरायची झोपेची नोंदवही, एक माहितीपुस्तिका आणि दिवसातून एकदा लेखी प्रश्नांना उत्तर, इतक्या गोष्टी होत्या. सेवेचे नाव मी येथे देत नाही. या धर्तीच्या अनेक सेवा आज उपलब्ध आहेत, त्यांची रचना बरीचशी सारखी असते, आणि त्यांतले काय घ्यावे व काय बाजूला ठेवावे हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रथम त्यांच्या जाहिरातीविषयी, कारण आम्ही तिच्याच भरवशावर नाव नोंदवले होते. ‘चार आठवड्यांत बाळ रात्रभर सलग झोपेल’ असे त्यात ठळकपणे म्हटलेले होते, आणि हे आश्वासन देणे चुकीचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. २०१८ साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात असे दिसून आले, की सहा महिन्यांच्या निरोगी बाळांपैकी ३८ टक्के बाळे सलग सहा तासही झोपत नव्हती आणि सलग आठ तास न झोपणाऱ्यांचे प्रमाण ५७ टक्के होते. वर्षाची झाल्यावरही ४३ टक्के बाळे सलग आठ तास झोपत नव्हती. अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये रात्री उठण्याचे प्रमाण अधिक आढळले, परंतु सलग न झोपण्याचा बाळाच्या मानसिक व शारीरिक हालचालींच्या विकासाशी किंवा आईच्या मनःस्थितीशी संबंध त्या अभ्यासात दिसला नाही. हे आकडे मी सेवा घेतल्यानंतर वाचले. आधी वाचले असते तर माझ्या बाळात काहीतरी बिघडले आहे, ही भीती मनात धरून मी पहिल्या भेटीला बसले नसते. प्रत्यक्ष भेटीत मार्गदर्शिकेने मात्र असे कोणतेही आश्वासन दिले नाही. रात्री एकदा-दोनदा उठणे या वयात अपेक्षितच आहे, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. जाहिरात लिहिणारे आणि काम करणारे यांच्यात इतके अंतर असणे योग्य नाही, कारण थकलेले आईवडील निर्णय घेतात तो जाहिरात वाचूनच.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग मला तिच्या प्रश्नावलीत सापडला. झोपेचा एकही प्रश्न विचारण्याआधी त्यांनी दुधाविषयी विचारले : बाळाचे वजन कसे वाढते आहे, दिवसभरात किती लंगोट ओले होतात, पाजताना वेदना होतात का, बाळ स्तन नीट तोंडात धरते का, गिळल्याचा आवाज येतो का, दिवसा एका वेळी किती मिनिटे पिते आणि मध्येच सोडून देते का. हा क्रम अगदी बरोबर आहे. पोट अर्धवट भरलेल्या बाळाला झोपेचे कोणतेही वेळापत्रक लागू पडत नाही, आणि वजन वाढत नसेल तर त्याला झोपेच्या सल्लागाराची नव्हे, डॉक्टरची व स्तनपान सल्लागाराची गरज असते.

आमच्या बाबतीत वजन ठीक होते, पण शेवटच्या प्रश्नाने डोळे उघडले. चार महिन्यांच्या आसपास बाळाची नजर व लक्ष आजूबाजूला धावू लागते. कोणी बोलले, दार वाजले, दिव्याखाली सावली हलली, की ते पिणे सोडून मान वळवते. आमची मुलगी दिवसा तीन-चार मिनिटे पिऊन थांबत असे आणि तिचे पोट भरले असे मी समजत असे. प्रत्यक्षात दिवसाचे राहिलेले दूध ती रात्री शांतपणे, डोळे मिटून, पोटभर पीत होती. त्यावर सुचवलेला उपाय साधा होता : दिवसातून निदान तीन वेळा पडदे ओढून, आवाज बंद करून, दुसरे कोणीही नसलेल्या खोलीत पाजावे, बाळाने मान वळवली तर लगेच अंगरखा सावरून न घेता मिनिटभर थांबून पुन्हा धरावे, आणि एका बाजूचा ओघ मंदावला की दुसरी बाजू द्यावी. पाचव्या दिवशी रात्रीचे एक उठणे कमी झाले. ते याच बदलामुळे झाले असे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण बाकी काहीही आम्ही तोवर बदललेले नव्हते.

नोंदवही रोज भरायची होती. मला ते काम आधी निरर्थक वाटले, कारण रात्री तीन वाजता घड्याळ पाहून आकडा लिहिण्याइतके त्राण उरत नसे. अखेर ती जबाबदारी नवऱ्याने घेतली. त्या नोंदींतून आमच्या लक्षात न आलेल्या दोन गोष्टी समोर आल्या. एक म्हणजे सकाळी उठल्यानंतर पाऊणे दोन तासांनी ती सर्वांत सहज झोपत होती, आणि त्या वेळी आम्ही बहुधा तिला अंघोळ घालत होतो. दुसरी म्हणजे दुपारी उशिरा ती इतकी थकलेली असे, की निजवायला पाऊण तास लागे आणि त्या रडारडीनंतरची झोपही उथळ असे. पुस्तिकेत वयानुसार जागेपणाच्या कालावधीचा एक तक्ता दिला होता, आणि तो मिनिटांच्या हिशेबाने पाळावा असे तिच्यात सुचवलेले होते. तसा आग्रह धरू नये असे मला वाटते. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ साली दिलेली शिफारससुद्धा चार ते बारा महिन्यांच्या बाळांना चोवीस तासांत, दिवसाच्या डुलक्या धरून, बारा ते सोळा तास झोप असावी इतकीच आहे, आणि त्या दोन आकड्यांमध्ये चार तासांचे अंतर आहे. तक्त्यापेक्षा बाळाची स्वतःची चिन्हे अधिक भरवशाची असतात : नजर एका जागी स्थिर होणे, हालचाल मंदावणे, डोळे चोळणे, कुशीत तोंड खुपसणे. तक्ता घड्याळाकडे पाहायची आठवण करून देण्यापुरता वापरला, तर उपयोगी आहे.

दिवसाच्या झोपेविषयी त्यांनी जे शिकवले, त्याकरिता मी या सेवेची मनापासून शिफारस करते. मोठ्या माणसाच्या झोपेचे आवर्तन, म्हणजे हलक्या व गाढ झोपेचा एक फेरा, सुमारे नव्वद मिनिटांचे असते, लहान बाळाचे मात्र साधारण पन्नास ते साठ मिनिटांचे असते, आणि दर आवर्तनाच्या सांध्याशी बाळ जवळजवळ जागे होते. नवजात बाळाची झोप चुळबुळत्या, पापण्यांखाली डोळे हलणाऱ्या अवस्थेने सुरू होते. तीन-चार महिन्यांच्या सुमारास झोपेची ही रचना मोठ्यांच्या रचनेकडे झुकू लागते, आणि चौथ्या महिन्यात झोप ‘बिघडते’ असे जे म्हटले जाते, त्यामागे हा बदल असतो. म्हणजे बिघाड काही झालेला नसतो. हे समजल्यावर आमचा निम्मा ताण गेला. त्यानंतर मार्गदर्शिकेने सांगितले, की सगळ्या डुलक्या एकदम बिछान्यावर नेण्याचा अट्टहास करू नये; दिवसाची पहिली डुलकी सर्वांत सोपी असते, म्हणून आठवडाभर फक्त तीच बिछान्यावर घडवावी आणि उरलेल्या कुशीत किंवा अंगाशी बांधून होऊ द्याव्यात. एवढीच अपेक्षा ठेवल्यामुळे आम्ही टिकून राहिलो.

कुशीतून बिछान्यावर ठेवण्याची पद्धत त्यांनी व्हिडिओ भेटीत बाहुली घेऊन दाखवली. पाजून बाळ पेंगुळले की करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून हलकेच स्तन सोडवावा, ढेकर काढावी, आणि मग लगेच ठेवण्याची घाई न करता थांबावे. किती थांबावे याचे उत्तर पुस्तिकेत नव्हते. ते मला जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांच्या २०२२ सालच्या एका लहानशा अभ्यासात मिळाले : रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन पाच मिनिटे सलग चालावे, ते झोपले की पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे आणि नंतर ठेवावे. झोप लागताच ठेवलेली बाळे अनेकदा जागी होतात, कारण आईच्या अंगापासून दूर होण्याचा क्षण त्यांना जाणवतो. आम्ही दिवसा पाजून झाल्यावर आठ मिनिटे मोजून बसू लागलो. आधी बुड, मग पाठ, सर्वांत शेवटी डोके टेकवायचे आणि छातीवर तळहात थोडा वेळ तसाच ठेवायचा, हे जमू लागल्यावर दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पहिली डुलकी सव्वा तासाची झाली. त्या दिवशी मी नोंदवहीत वेळ लिहिण्याऐवजी दारात उभी राहून तिच्या श्वासाकडे पाहत राहिले, हे मला अजून आठवते.

आता रात्रीविषयी, आणि येथे माझी तक्रार गंभीर आहे. दुसऱ्या आठवड्याच्या आराखड्यात रात्रीचे पाजणे एकदाच ठेवून बाकी वेळा थोपटून निजवावे असे लिहिले होते, तेही सहा महिने पूर्ण न झालेल्या, केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळासाठी. आम्ही चार रात्री तसे केले. तिसऱ्या रात्री माझ्या डाव्या बाजूला दूध दाटून गाठ आली आणि चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप चढला. मुलगी थोपटल्याने शांत झाली नाहीच, दिवसाही ती चिडचिडी राहिली. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी रात्रीचे पाजणे पुन्हा सुरू केले. कळवल्यावर मार्गदर्शिकेने खेद व्यक्त केला आणि आराखडा बदलला, हे मी नोंदवते. परंतु प्रश्न एका व्यक्तीच्या चुकीचा नाही, सर्वांना एकच आराखडा देण्याचा आहे.

स्तनात एका वेळी किती दूध साठू शकते हे प्रत्येक स्त्रीमध्ये वेगळे असते. एखादीचे बाळ सहा वेळा पिऊन जेवढे दूध घेते, तेवढेच दूसरीच्या बाळाला घ्यायला चौदा वेळा प्यावे लागते, आणि दोघांची वाढ सारखीच चांगली होते. ऑस्ट्रेलियातील ७१ माता व बालकांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक ते सहा महिन्यांची बाळे दिवसरात्र मिळून सहा ते अठरा वेळा पीत होती. ६४ टक्के बाळे रात्रीही पीत होती, आणि किती वेळा प्यायले यावरून चोवीस तासांत एकूण किती दूध मिळाले हे ठरत नव्हते. ज्या आईची साठवण कमी आहे तिला ‘रात्री एकदाच पाजा’ असे सांगणे म्हणजे तिचे दूध कमी करायला सांगणे आहे, कारण भरलेला स्तन रिकामा झाला नाही की पुढचे दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळीही रात्री अधिक असते. त्याशिवाय रात्रीच्या दुधात झोपेशी निगडित मेलाटोनिन असते, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते; म्हणजे ज्या बाळाच्या शरीराचे स्वतःचे दिवसरात्रीचे घड्याळ पहिल्या काही महिन्यांत अजून जुळत असते, त्याला ते दूधच रात्र झाल्याचे सांगत असते. प्रश्नावलीत एवढे बारकाईने विचारणाऱ्या सेवेने रात्रीचा आराखडा करताना यातले काहीही विचारात घेऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुस्तिकेत पाजत निजवण्याला ‘वाईट सवय’ म्हटले आहे. हा शब्द वगळावा अशी विनंती मी त्यांना लेखी केली आहे. पिता पिता झोप येणे ही बाळाच्या शरीराची नैसर्गिक गोष्ट आहे, आणि ज्या घरात त्याचा कोणाला त्रास नाही तेथे ती बदलण्याचे काहीही कारण नाही. आईला विश्रांती हवी असेल तर वेगळा मार्ग आहे, आणि तो बदललेल्या आराखड्यात त्यांनी उत्तम सांगितला : रात्रीचे पहिले उठणे पाजल्यानंतर तासाभराच्या आत झाले, तर तेवढ्या एका वेळेस वडिलांनी उचलावे, पाच मिनिटे फिरवावे, आणि तरीही बाळ शोधत राहिले तरच आईला उठवावे. आमच्याकडे पाचपैकी तीन रात्री ती नवऱ्याच्या खांद्यावर परत झोपली.

सुरक्षिततेच्या बाबतीत पुस्तिका अपुरी आहे आणि एका ठिकाणी चुकीची आहे. वजनदार झोपपिशवी (बाळाच्या अंगात घालायची, वजन भरलेली पिशवी) वापरल्यास बाळ शांत झोपते असे तीत लिहिले आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वजन भरलेल्या पिशव्या, कपडे किंवा दुपटी बाळाच्या अंगावर वा जवळ वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच सूचनांनुसार बाळाला प्रत्येक वेळी उताणे, सपाट व घट्ट गादीवर निजवावे, उशी, सैल पांघरूण आणि मऊ खेळणी काढून टाकावीत, पहिले निदान सहा महिने बाळाचा बिछाना आईवडिलांच्या खोलीत पण वेगळा असावा, आणि बाळ कुशीवर वळण्याची चिन्हे दिसताच गुंडाळणे बंद करावे. यातले उताणे निजवणे पुस्तिकेत आहे, बाकीचे त्रोटक आहे. सर्वांत मोठी उणीव अशी, की रात्री पाजता पाजता आईचा डोळा लागण्याबद्दल तीत एक अक्षर नाही. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणे हे अतिशय धोकादायक आहे. झोप येण्याची शक्यता वाटत असेल तर उशा-पांघरुणे दूर केलेल्या पलंगावर पाजणे त्यापेक्षा कमी धोक्याचे आहे, आणि जाग येताच बाळाला त्याच्या बिछान्यावर ठेवावे. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी असलेल्या सेवेत हे पहिल्या पानावर हवे.

बाळाला झोप लागावी म्हणून सतत एकसुरी आवाज करणाऱ्या यंत्राबद्दलचा त्यांचा सल्ला मात्र योग्य होता. यंत्र बाळापासून निदान दोन मीटर दूर, शक्य तितक्या कमी आवाजात ठेवावे आणि झोप लागल्यावर बंद करावे, असे त्यांनी सांगितले. २०१४ साली तपासलेल्या अशा १४ यंत्रांपैकी तीन यंत्रे तीस सेंटिमीटर अंतरावर पूर्ण आवाजात ८५ डेसिबलच्या वर जात होती, हे लक्षात घेतले तर ही खबरदारी आवश्यकच आहे. आम्ही ते यंत्र आठवडाभर वापरले, फरक जाणवला नाही आणि बाजूला ठेवले.

रडण्याविषयीही प्रामाणिकपणे लिहायला हवे. ठरावीक मिनिटांनी जाऊन धीर देण्याची, मधल्या वेळात बाळाला रडू देण्याची पद्धत त्यांनी पर्याय म्हणून मांडली, सक्ती केली नाही. आम्ही ती नाकारली आणि त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. या पद्धतीने बाळाला अपाय होतोच असे मी म्हणणार नाही. २०१६ सालच्या एका चाचणीत, ४३ बाळांपुरत्या का होईना, ताणाच्या संप्रेरकात किंवा पुढच्या वागण्यात वाईट परिणाम आढळला नाही. मात्र त्या चाचणीतील बाळे सहा ते सोळा महिन्यांची होती. पावणेपाच महिन्यांच्या बाळाच्या आईवडिलांपुढे हा पर्याय ठेवू नये, आणि ठेवलाच तर हे वय सांगूनच ठेवावा.

चार आठवड्यांनंतर नोंदवही पाहता, दिवसाच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच डुलक्यांऐवजी तीन होत होत्या, त्यांपैकी दोन तासाहून मोठ्या होत्या. रात्री उठणे सहा-सात वेळांवरून दोन-तीन वेळांवर आले होते आणि रात्रीचा पहिला टप्पा चार तासांचा झाला होता. या काळात मुलगीही महिन्याने मोठी झाली, त्यामुळे सगळे श्रेय सेवेला देता येणार नाही. दिवसाच्या झोपेतला बदल मला त्यांच्या शिकवणीचा वाटतो, रात्रीचा बराचसा बदल दिवसा नीट पाजल्याचा आणि वयाचा. सातव्या महिन्यात ती रांगू लागली, रात्री बिछान्यात गुडघ्यांवर उभी राहून रडू लागली आणि दोन आठवडे सगळे विस्कटले. तोपर्यंत आमची मुदत संपलेली होती आणि पाठवलेल्या प्रश्नाला नव्याने नाव नोंदवण्याचे उत्तर आले. एखादी छोटी भेट नंतरसाठी राखून ठेवली असती, तर ही सेवा पुष्कळ अधिक उपयोगी ठरली असती.

पाचपैकी मी तीन गुण देते. बाळाचे वजन नीट वाढत नसेल, ते झोपेत घोरत असेल किंवा श्वास अडखळत असेल, अथवा आईला सतत उदास वाटत असेल आणि बाळ झोपले तरी स्वतःला झोप येत नसेल, तर यापैकी कशासाठीही ही सेवा नाही. आधी डॉक्टरांकडे जावे. बाकी ज्यांना दिवसाच्या डुलक्यांची घडी बसवायची आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, पण नाव नोंदवताना केवळ पहिल्या दोन आठवड्यांचा, रात्रीचे पाजणे कमी करण्याचा भाग वगळलेला आराखडा मागावा. तशी सोय त्यांच्याकडे आहे. विचारल्याशिवाय ती सांगितली जात नाही, आणि आम्हाला ती तिसऱ्या भेटीत कळली.